मोबाईलच्या काचेची परीक्षा

मुलांनो, रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडबाहेर किंवा रामआळीत फिरताना मोबाईलच्या सामानाची छोटी छोटी दुकानं तुम्ही पाहिली असतील. वर रंगीबेरंगी कव्हरं लटकलेली असतात आणि खाली काचेच्या पाकिटांचे गठ्ठे रचलेले असतात. आईच्या हातातला मोबाईल पाहून दुकानदार म्हणतो, "ताई, ग्लास टाकून देऊ का? नाइन एच आहे, अकरा डी आहे. हातोडी मारलीत तरी फुटणार नाही!" मग तो कटर काढतो आणि त्या काचेवर खर्रकन ओढतो. पाहा, ओरखडा नाही! आई शंभराची नोट काढते.

आता मला सांगा, दुकानदारानं काच खरोखर तपासली का?

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा काचेचं काय घेऊन बसलात? पण विचार करा. पुष्कळ घरांत चांगला मोबाईल एकच असतो. शाळेचा निरोप त्यावर येतो, बँकेचा आकडाही त्यावरच येतो. मुंबईला गेलेल्या चाकरमानी काकांचं तोंड आजीला त्यावरच दिसतं. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकणारी मावशीसुद्धा आता गिऱ्हाइकाचे पैसे मोबाईलवर घेते. त्याचा पडदा फुटला, तर दुरुस्तीला काही हजार रुपये सहज जातात. म्हणून त्यावर लावायची स्वस्तातली काच, म्हणजे स्क्रीन गार्ड, नीट पारखून घ्यायला हवी. आणि पारखायची म्हणजे आधी दुकानातल्या 'परीक्षां'चीच परीक्षा घ्यायला हवी!

'नऊ एच' म्हणजे काय?

पाकिटावर ठळक छापलेलं असतं, '९ एच'. ऐकणाऱ्याला वाटतं, दहापैकी नऊ गुण! हिऱ्याच्या खालोखाल कठीण!

तुमच्या दप्तरातली पेन्सिल काढा बघू. तिच्यावर 'एचबी' लिहिलेलं असेल. '९ एच' मधला एच हा तोच, पेन्सिलीचा एच. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त, तर पेन्सिल कडक. ग्राफाइट जास्त, तर पेन्सिल मऊ आणि काळीभोर. कडक पेन्सिलींच्या रांगेत ९ एच अगदी टोकाला असते.

रंगाचा किंवा लेपाचा थर किती टणक आहे, हे पाहण्यासाठी कारखान्यात पेन्सिलीची परीक्षा घेतात. पेन्सिल ४५ अंशांत धरायची, तिच्यावर ठरावीक वजन द्यायचं आणि थरावरून पुढे ढकलायची. ओरखडा कोणत्या पेन्सिलीनं उठतो ते पाहायचं. म्हणजे '९ एच' चा अर्थ एवढाच, की या वस्तूवर ९ एच पेन्सिलीनं ओरखडा उठला नाही. पण मुलांनो, पेन्सिलीनं तर तुमच्या खिडकीच्या साध्या काचेवरही ओरखडा उठत नाही! मग यात कौतुक ते कसलं?

लोकांचा गोंधळ होतो तो दुसऱ्या एका मोजपट्टीमुळे. फ्रीडरिश मोह्स नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञानं १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक उतरंड रचली. संगजिरं सगळ्यांत मऊ, म्हणून त्याला १. हिरा सगळ्यांत कठीण, म्हणून त्याला १०. माणिक आणि नीलम ९ वर बसतात. काच कुठे बसते? साधारण साडेपाच ते सहावर. म्हणजे पाकिटावरचा ९ आणि माणकाचा ९ यांचा काहीएक संबंध नाही.

आणि 'अकरा डी'? डी म्हणजे डायमेन्शन, मिती. लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन मिती आपण भूमितीत शिकतो. काचेची कड थोडी गोलसर घासलेली असली, की तिला 'अडीच डी' म्हणायची पद्धत आहे. इथवर ठीक. पण त्यापुढचे नऊ डी, अकरा डी, एकवीस डी हे नुसते विक्रीचे आकडे. आकडा वाढला म्हणून काच सुधारत नाही.

कटरची आणि हातोडीची जादू

आता ती कटरची गंमत पाहू. मोह्सच्या उतरंडीचा नियम सोपा आहे. जो कठीण, तो मऊ वस्तूवर ओरखडा काढतो. कटरचं पोलादी पातं साधारण साडेपाचच्या आसपास असतं, म्हणजे काचेच्या बरोबरीचं किंवा थोडं खालीच. पितळी किल्ली तर तीनच्या आसपास. मग किल्लीनं काचेवर ओरखडा उठेलच कसा? दुकानदार कटर फिरवतो तेव्हा एवढंच सिद्ध होतं, की ही वस्तू प्लॅस्टिक नसून काच आहे. चांगली काच की वाईट, हे त्यातून कळत नाही.

हातोडीचंही तसंच. टेबलावर सपाट पडलेल्या काचेला खालून सगळीकडे आधार असतो. मोबाईल मात्र हातातून निसटतो तो कोपऱ्यावर, आणि आपल्याकडे बऱ्याचदा पडतो तो जांभ्याच्या पायरीवर. जांभा कसा असतो ठाऊक आहे ना? खडबडीत, भोकाभोकांचा. त्याच्या एखाद्याच टोकावर पडण्याचा सगळा जोर येतो. ही परीक्षा वेगळी आणि हातोडीची वेगळी. गणिताचा पेपर सोडवून कोणी भूगोलात पास होतं का?

वाळूपासून काच, आणि वाळूच तिची वैरी

मग काचेवर ओरखडे उठतात कशानं? उत्तर आपल्या समुद्रावर आहे.

काच मुख्यतः वाळूपासून बनते. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेला आणि १९८१ साली वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा आठवा. तिथं कणकवली तालुक्यात कासार्डे भागात पांढरी सिलिका वाळू निघते. अशी वाळू काच बनवायला आणि ओतकामाचे साचे करायला वापरतात. नुसती वाळू वितळवायची, तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ते खाली आणायला तिच्यात सोडा मिसळतात, आणि तयार काच पाण्यात विरघळू नये म्हणून चुना घालतात. पण या मिसळण्यामुळे काच मूळच्या वाळूपेक्षा थोडी मऊ होते. गारगोटीच्या वाळूचा कण मोह्सच्या उतरंडीत ७ वर, आणि काच त्याच्या खाली. म्हणजे जिच्यापासून काच जन्मली, तीच वाळू तिला ओरबाडते!

रत्नागिरीत आपल्याला दोन समुद्र आहेत. मांडवीचा काळा आणि मिऱ्याकडचा पांढरा. मांडवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोखंड असलेली जड खनिजं आहेत. त्यांचा कठीणपणा पाच ते सहा, म्हणजे काचेच्या जवळपास. उजळ वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि गारगोटीचे कण असतात. शिंपल्याचा चुरा मऊ असतो, त्याची भीती नाही. खरा चोर म्हणजे गारगोटीचा कण. समुद्रावरून आल्यावर खिशाच्या कोपऱ्यात चिमूटभर वाळू राहते. त्याच खिशात मोबाईल शिरला, की हा चोर कामाला लागतो. '९ एच' लिहिलेल्या गार्डलाही तो सोडत नाही.

करून पाहा: एखादा जुना, काढून टाकलेला पण न फुटलेला गार्ड मोठ्या माणसांकडून मागून घ्या. तो टेबलावर ठेवून किल्ली फिरवा. मग चिमूटभर उजळ वाळू टाकून जाड फडक्यानं घासा आणि उजेडात तिरका धरून बघा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. फुटलेली काच मात्र हातात घ्यायची नाही बरं का. तिच्या कपच्या बारीक आणि धारदार असतात.

ओरखड्याला एवढं का घाबरायचं?

खिडकीला काच बसवणारा कारागीर काच कशी कापतो, ते पाहिलंय? तो तिच्यावर हिरकणीनं किंवा पोलादी चाकाच्या कटरनं एक बारीक रेघ ओढतो, खालून टकटक करतो आणि दोन्ही हातांनी दाबतो. काच बरोबर त्या रेघेवर तुटते! रेघ खोल नसते, पण काचेला तेवढं निमित्त पुरतं. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरनं १९२१ साली हीच गोष्ट गणितानं मांडली. काचेवरच्या अगदी बारीक भेगांच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि म्हणून काच अपेक्षेपेक्षा लवकर फुटते.

आता स्क्रीन गार्डचं खरं काम लक्षात आलं? मोबाईलच्या मूळ पडद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून ते स्वतःच्या अंगावर घ्यायचे. पडदा जितका निर्मळ, तितका तो पडल्यावर टिकायची शक्यता जास्त.

एस.टी.तली गर्दी आणि काचेची ताकद

गार्डला आपण 'टेम्पर्ड ग्लास' म्हणतो. मोटारीच्या बाजूची खिडकी टेम्पर करताना काच ६०० अंशांहून जास्त तापवतात आणि हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. गार्डची काच असते कागदाच्या तीन-चार घड्यांएवढी, सुमारे पाव ते तीन दशांश मिलिमीटर. एवढ्या पातळ काचेला ही युक्ती नीट लागू पडत नाही. म्हणून ती वितळलेल्या सोऱ्यात, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमध्ये, सुमारे ४०० अंशांवर काही तास बुडवून ठेवतात.

तिथं काय होतं? काचेच्या पृष्ठभागावरचे सोडियमचे लहान कण बाहेर पडतात, आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. गणपतीच्या दिवसांतली एस.टी. डोळ्यांपुढे आणा. सडपातळ प्रवासी उतरले, आणि त्यांच्याच जागांवर जाडजूड मंडळी चढून बसली. सगळे एकमेकांना घट्ट दाबणार! काचेचा पृष्ठभागही असाच दाबला जातो. भेग पडायची तर तिला उघडायला जागा हवी, आणि हा दाब तिला उघडू देत नाही. महागड्या मोबाईलचा मूळ पडदाही याच तत्त्वावर मजबूत करतात.

आता खोट कुठे असू शकते ते पाहा. कोणी काच सोऱ्यात पुरता वेळ ठेवलीच नाही, तर दाबलेला थर पातळ राहतो. पण दिसायला दोन्ही काचा सारख्याच! दुकानात उभं राहून हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

काड्यापेटीची गोष्ट

तुम्हाला तो बंडूचा जुना विनोद माहीत असेल. आई म्हणाली, "काड्या पेटतात का ते बघून आण रे." बंडूनं दुकानात एकेक काडी पेटवून पाहिली आणि येऊन म्हणाला, "आई, सगळ्या पेटल्या!"

गार्डचंही असंच आहे. पडल्यावर टिकेल का, हे पाहायचं तर तो आपटावा लागेल, आणि आपटला की संपला. म्हणून कारखान्यात सगळ्या काचा तपासत नाहीत. ढिगातले काही नमुने काढतात, त्यांच्यावर ठरावीक उंचीवरून पोलादी गोळी टाकतात आणि त्यावरून ढिगाची पारख करतात. ही परीक्षा आपण घेऊ शकत नाही. ती कुणीतरी प्रामाणिकपणे घेतली, यावर आपल्याला विश्वास ठेवावा लागतो. मग विश्वास कुणावर ठेवायचा? जो आपलं नाव लपवत नाही, त्याच्यावर!

आपल्याकडच्या काचेचा इतिहास हेच सांगतो. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी ज्या 'पैसा फंडा'ला पाठबळ दिलं, तो अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा केला होता. त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना निघाला. पुढे ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. तिथला 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला आणि त्या वस्तीचं नावच ओगलेवाडी पडलं. कंदिलाची काच तडकली, तर कुणाला विचारायचं हे गिऱ्हाइकाला ठाऊक होतं. वस्तूवर नाव घालणं म्हणजे जबाबदारी घेणं.

म्हणून गार्डचं पाकीट उलटून वाचा. पाकीटबंद वस्तूंसाठी २०११ चे नियम आहेत. त्यांनुसार बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, महिना व वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क पाकिटावर हवा. नुसतं इंग्रजीत 'प्रीमियम' लिहिलेलं कोरं पाकीट असेल, तर ते ठेवा परत.

दुकानात काय काय पाहाल?

काही गोष्टी मात्र आपण स्वतः, पैसे देण्याआधी पाहू शकतो. दुकानदार काकांना नम्रपणे विचारलं, की ते दाखवतात.

१. कड पाहा. काचेची कड गुळगुळीत आणि गोलसर हवी. कुठे कपची उडालेली नको. बहुतेक भेगा कडेपासूनच सुरू होतात.

२. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. काच तिरकी धरली, की दिव्याची रेघ सरळ दिसली पाहिजे. रेघ नागमोडी दिसली तर काच सपाट नाही.

३. पांढऱ्या कागदावर धरा. कागद पांढराच दिसला पाहिजे. पिवळट, निळसर किंवा धुरकट नको.

४. पाण्याचा थेंब टाका. नमुन्याची काच असेल तर तिच्यावर एक थेंब सोडायला सांगा. अळवाच्या पानावर राहतो तसा तो गोल राहिला, तर काचेवर तेल-पाणी न धरणारा लेप आहे. पसरला, तर बोटांचे डाग फार पडतील. चांगला लेपही काही महिन्यांनी झिजतो, हेही ध्यानात ठेवा.

५. गोंद कुठे आहे ते विचारा. काही स्वस्त काचांना फक्त कडेनं गोंद असतो, मधे पोकळी राहते. तिथं बोट नीट लागत नाही, धूळ शिरते. सगळीकडे गोंद असलेली, म्हणजे 'फुल ग्लू' काच घ्या.

६. माप जुळवा. समोरचा कॅमेरा आणि कानाजवळची जाळी झाकली जाता कामा नये. कव्हर घातल्यावर ते काचेची कड उचलत नाही ना, हेही पाहा.

काच लावल्यावर लगेच उठू नका. पडद्यावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश बोट ओढा. कीबोर्डावरचं प्रत्येक अक्षर दाबून बघा. बोटाच्या ठशानं उघडणारा मोबाईल असेल, तर तो उघडतो का पाहा. घरी लावणार असाल, तर पंखा बंद करा आणि ओल्या फडक्यानं फरशी पुसून घ्या. पावसाळ्यात पडदा पुरता कोरडा झाल्याशिवाय काच ठेवू नका.

पाकिटावर छापलंय एक आणि आत निघालं भलतंच, असं झालं तर? बिल असेल तर आधी दुकानदाराशी नीट बोला. तरी दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. आपल्या देशात ग्राहकांसाठी पहिला कायदा १९८६ साली झाला, त्याच्या जागी २०१९ साली नवा आला. फसव्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करता येते, आणि शंभर रुपयांच्या वस्तूसाठीसुद्धा करता येते.

फुटला म्हणजे वाचवलं?

वर्गात एका मुलानं मला विचारलं, "बाई, मोबाईल पडला, गार्ड फुटला आणि पडदा वाचला. म्हणजे गार्डनंच वाचवलं ना?"

प्रश्न फार छान आहे. उत्तर असं, की वाचवलं असेल, पण नुसत्या फुटण्यानं ते सिद्ध होत नाही. गार्ड पडद्यापेक्षा पातळ असतो, त्याची कड उघडी असते. तो थोड्या धक्क्यानंही फुटतो. कदाचित तेवढ्या धक्क्यानं पडदा फुटलाच नसता! खरं कळायचं, तर सारखेच पुष्कळ मोबाईल घ्यावे लागतील. अर्ध्यांना गार्ड लावायचा, अर्ध्यांना नाही, आणि सगळे एकाच उंचीवरून, एकाच जागी टाकायचे. अशी तुलना केल्याशिवाय 'यामुळेच ते झालं' असं म्हणायची घाई करू नये. हा नियम गार्डला लागू आहे, तसाच केस वाढवणाऱ्या तेलाला आणि उंची वाढवणाऱ्या पावडरलाही.

तेव्हा या रविवारी एवढं करा. घरातल्या मोबाईलचा गार्ड उजेडात तिरका धरा आणि ओरखडे मोजा. खिसा आणि पिशवी उलटी करून वाळू झटका. कव्हर काढून कडेला साचलेली धूळ मऊ फडक्यानं पुसा. आणि पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर काचेवर कटर ओढला, तर हसून एवढंच विचारा, "काका, कटर राहू दे, पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव कुठे आहे?"